एक वीत, दोन बोटं

नारिनला कुर्मानबेकच्या गॅरेजात
मी उकिडवी बसून मोजलं होतं:
जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंत
एक वीत, वर दोन बोटं.
तो ग्रीस पुसत म्हणाला, बुरुलचा, ऐक,
चारही चाकं ओढतात, कबूल,
पण हाडं शहरातली आहेत हिची.
सगळी सोंगं आणता येतात,
पोटाखालच्या उंचीचं आणता येत नाही.

मी जनावरांची डॉक्टर. हाडांचं मला सांगू नकोस, म्हणाले,
आणि तीच घेतली, कारण पैसे तेवढेच होते.
जपानहून आलेली, उजव्या हाताला स्टिअरिंग,
काचेवर कुठल्याशा पार्किंगचा कागद
जो मला वाचता येत नाही
म्हणून अजून खरवडलेला नाही.

आणि खोटं कशाला बोलू,
बर्फात ती मांजरीसारखी चालते.
ओल्या गवतावर, सुट्या खडीवर,
फेब्रुवारीतल्या त्या काचेसारख्या वळणावर
जिथे शेजाऱ्याची उंच, लष्करी, गुरगुरणारी जीप
नालीत कुशीवर पडलेली होती
आणि मी हीटर लावून, चहाचा थर्मास मांडीत धरून
बाजूनं निघून गेले.
(थांबले होते. दोर नव्हता माझ्याकडे.)

पण वरच्या कुरणाची वाट ही वाट नव्हे.
ओढा उन्हाळ्यात जे दगड विसरून जातो
त्यांची ती रांग आहे.

जूनमध्ये टोकतोसुनचा फोन आला,
घोडी अडलीय, शिंगराचा एकच पाय दिसतोय.
निम्म्या चढावर मी उतरून आधी चालून पाहिलं,
हा दगड डाव्या चाकाखाली, तो उजव्या,
हा पोटाखाली घ्यायचा नाही, काही झालं तरी नाही.
मग बसले, हळू सोडली, बरोबर चालली होती,
आणि एका तिरप्या चरात
पुढचं डावं चाक हवेत,
मागचं उजवं हवेत.

आणि सगळा जोर त्यांच्याकडेच गेला
ज्यांच्या पायाखाली काही नव्हतं.
दोघं फिरत राहिली गरगर, रिकामी,
जमिनीवरची दोघं गप्प.
आतला कॉम्प्युटर ब्रेक चावून पाहत होता,
टक, टक, टकटक,
पिवळा दिवा, मग दुसरा पिवळा दिवा,
मग तापलेल्या तेलाचा वास,
मग तिनं हात टेकले.
जीपला खालचा गिअर असतो अशा वेळी.
मला खालचा गिअर नाही. मी इंजिन बंद केलं.

वरून घोड्यावर एल्दोस आला, मागे त्याची आजी कालबूबू.
तिनं गाडीभोवती एक फेरी मारली,
आजारी मेंढीभोवती मारावी तशी.
नातवाला काही सांगितलं नाही, मला काही विचारलं नाही.
दुधाची बादली खाली ठेवली
आणि मागच्या उजव्या कोपऱ्यावर जाऊन बसली.
चाक टेकलं.
चाल, म्हणाली.

मी चालले. खाली काहीतरी करकरून तुटलं,
बंपरची काळी झालर दगडावर राहिली,
ती एल्दोसनं नंतर खोगिराला बांधून आणली.

पोचले तेव्हा टोकतोसुनच्या बायकोचे हात
कोपरापर्यंत ओले होते.
दुमडलेला पाय तिनंच सरळ करून घेतला होता.
माझी बॅग उघडलीच नाही.
त्यांनी मला कुमिस दिला, तो मी प्याले.

शिंगरू उभं राहायला बघत होतं.
पुढचा डावा उचलला, मागचा उजवा घसरला,
नाकावर आपटलं, पुन्हा.
तिसऱ्यांदा चारही टेकले, थरथरत.

मी उकिडवी बसले आणि उगाच, सवयीनं,
त्याच्या पोटाखाली वीत लावली.
एक, दोन, तीन,
आणि वर जागा होती अजून.